मदत हवी आहे: एकाच कोअरमध्ये सोन्याचा आकडा दर वेळी वेगळा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना पट्ट्यातला (पोंभुर्णा तालुका) जुना एनक्यू आकाराचा कोअर (ड्रिलनं काढलेला खडकाचा दंडगोल) पुन्हा तपासतोय. ग्रॅनाइटमधल्या कातर पट्ट्यात (खडक घासून सरकलेला भाग, shear zone) क्वार्ट्झ-क्लोराइटच्या शिरा, त्यात चाल्कोपायराइट (तांब्याचं सल्फाइड खनिज). तांब्याचे आकडे नीट जुळतात, सोन्याचे अजिबात नाहीत. त्याच पल्पचे (बारीक दळलेल्या नमुन्याचे) ३० ग्रॅमचे दोन फायर अ‍ॅसे (भट्टीत शिशासोबत वितळवून सोनं मोजायची चाचणी) केले, तरी निकालात कित्येक पटींचा फरक.

ब्लँक (सोनं नसलेले) आणि प्रमाणित (सोनं आधीच माहीत असलेले) नमुने बरोबर आलेत, म्हणजे प्रयोगशाळेची चूक वाटत नाही. तांबं जास्त असल्यानं चार्ज (एका चाचणीतला नमुना) १५ ग्रॅमवर आणून लिथार्ज (शिशाचं ऑक्साइड) वाढवून पाहिलं. शिशाची गोळी स्वच्छ आली, पण फरक उलट वाढला. जाड कणांचं सोनं असणार, दुसरं कारण दिसत नाही. सायनाइड बॉटल रोल (बाटली फिरवत सायनाइडमध्ये सोनं विरघळवायची चाचणी) नको, कारण मॅलॅकाइट (तांब्याचं हिरवं कार्बोनेट) असलेल्या वरच्या भागात तांबंच सायनाइड खाऊन टाकेल.

आता १०६ मायक्रॉन चाळणीचा स्क्रीन फायर अ‍ॅसे (नमुना चाळून जाड आणि बारीक भागातलं सोनं वेगळं मोजणं) करायचाय. अडचण अशी की अर्धा कोअर आधीच संपलाय आणि एक चतुर्थांश तरी जपून ठेवायचाच आहे. उरलेल्या चतुर्थांशातून मीटरमागे जेमतेम १.२ किलो मिळतो. दोन मीटर एकत्र केले तर वजन पुरेल, पण अर्ध्या मीटरची शीर पातळ होऊन जाईल. अशा वेळी मीटरचाच १ किलो चाळावा, की शिरेच्या हद्दीवर नमुना तोडून कमी वजन चालवून घ्यावं?