डंपखालचा चर मोठा करू की टाकी? मिरगाला सहा आठवडे उरलेत

नवा_गडी_खाणीवर
दोडामार्ग भागात डोंगरावरच्या एका लोहखनिज खाणीवर हिवाळ्यात रुजू झालो. शिक्षण सिव्हिलचं, खाणकाम नवं. डंपच्या, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, पायथ्याला जुना चर आहे, जेमतेम दोन फूट रुंद, अर्धा गाळाने भरलेला. त्यात एकंदर 12 हेक्टरचं पाणी येतं. वरचा सडा (माथ्यावरचं कातळाचं पठार) 5, डंप 4 आणि बेंच (खाणीत खोदलेल्या पायऱ्या) व ट्रकरस्ता मिळून 3. चराचं पाणी गाळ बसवायच्या दोन सेटलिंग टाक्यांत, तिथून व्हाळात (ओढ्यात). व्हाळाकाठी पोफळीच्या बागा आहेत. गेल्या आषाढात टाक्या भरून वाहिल्या आणि लाल पाणी थेट बागांत गेलं, असं गावकरी सांगतात. वरिष्ठ म्हणतात, टाकी वाढव. मी हिशेब केला: दिवसाला 240 मिमी पाऊस धरला, म्हणजे ताशी 10. त्यानुसार जुना चरसुद्धा पुरतो! काहीतरी चुकतंय. कुणी सांगेल का?

पाणलोट_सातारा
चूक त्या भागाकारातच आहे. एवढ्या लहान, तीव्र उताराच्या पाणलोटाचं पाणी चरापर्यंत यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणून त्या दहा-पंधरा मिनिटांतला पावसाचा जोर धरायचा, दिवसाची सरासरी नव्हे. स्वयंचलित पर्जन्यमापकाची नोंद मिळवा, तोवर ताशी 100 मिमी धरून पाहा. अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा) 0.7 घेतला तर 0.7 × 100 × 12 भागिले 360, म्हणजे सेकंदाला 2.33 घनमीटर. तळ 1 मीटर, बाजू एकास एक, पाण्याची खोली 60 सेंमी आणि उतार 50 ला 1 असेल तर खडबडीत चरातून साधारण 2.3 घनमीटर जातं. त्यावर निदान 30 सेंमी मोकळा काठ ठेवा. पर्यावरण मंजुरीचं पत्रही काढून वाचा. चर आणि संपची (पाणी साठवायच्या खड्ड्याची) क्षमता कमाल पावसाहून 50 टक्के जास्त ठेवण्याची अट त्यात बहुधा असतेच.

जुना_सर्व्हेअर_डिचोली
गोव्यातल्या खाणींवर माझी 31 वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरचा हिशेब बरोबर आहे, पण बाळा, आधी हे विचार की 12 हेक्टरचं पाणी तुझ्या चरात यावंच का? सड्याचं पाणी स्वच्छ असतं. ते डंपवर उतरलं की लाल होतं, आणि मग ते सगळंच निवळायची जबाबदारी तुझी. डंपच्या वर, सड्याच्या काठाने आडवा चर मार आणि ते 5 हेक्टरचं पाणी बाजूच्या घळीत सोड. मग खाली 1.36 घनमीटर उरतं.

आता टाकी बघ. गाळ बसणं खोलीवर नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर ठरतं. 0.02 मिमीचा कण सेकंदाला साधारण 0.36 मिमी खाली जातो. 2.33 ला दीड एकराहून मोठं तळं लागेल, 1.36 ला एकराहून थोडं कमी. आणि खरी लाल चिकण, 0.002 मिमीची, एक मीटर बसायला तीन दिवस घेते, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. म्हणजे टाकीच्या भरवशावर राहून व्हाळ वाचत नाही. माती वरच्या वर अडवायला हवी. डंपच्या प्रत्येक बर्मला (उतारावरच्या आडव्या पायरीला) डोंगराच्या बाजूला ढाळ दे, रस्त्याचं पाणी आतल्या गटारात घे.

50 ला 1 चा उतार डोंगरावर सगळीकडे मिळत नाही. 10 ला 1 झाला की तोच चर 2.33 घनमीटरला सेकंदाला चार मीटरहून जास्त वेगाने वाहतो आणि स्वतःचाच तळ खातो. तिथे दगडी पायऱ्या आणि पिचिंग (दगडांचं अस्तर) कर.

एक गोष्ट मनातून जात नाही. आर्द्रा नक्षत्रातली रात्र होती. रस्त्याखालच्या ह्यूम पाइपात (काँक्रीटच्या नळात) करवंदीच्या जाळ्या अडकल्या, पाणी रस्ता ओलांडून डंपवर पडलं आणि सकाळपर्यंत माणूस उभा राहील एवढी घळ पडली. खालचं एक भाताचं शेत लाल मातीखाली गेलं. चराचा हिशेब माझाच होता आणि तो बरोबर होता. पाइपाच्या तोंडाशी मी गेलो नव्हतो. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन चराच्या काठाने चाल. जे दिसेल ते नकाशात दिसणार नाही.

पोफळवाला
मी अशाच एका खाणीखालचा बागायतदार. गाळ पोफळीच्या मुळांवर बसला की वर पापुद्रा धरतो, खाली हवा जात नाही. आमचा पाटही भरतो, मग उन्हाळ्यात शिंपण्याला पाणी येत नाही. साहेब, एवढंच करा: टाकीतला गाळ मे महिन्यात काढा आणि व्हाळाच्या काठावर टाकू नका. पहिल्या सरीला तोच परत खाली येतो. आणि पावसात टाकी सोडायची वेळ आलीच तर आधी गावात फोन करा. आम्ही पाटाचं तोंड बंद करू.

नवा_गडी_खाणीवर
काका, आज सड्यावर जाऊन आलो. आडव्या चराची जागा आहे, पण जांभा भोकाभोकांचा आहे. चरातलं पाणी तिथेच मुरलं तर?

जुना_सर्व्हेअर_डिचोली
बरं विचारलंस. जांभ्याखाली शेडी, म्हणजे मऊ चिकण मातीचा थर, असते. मुरलेलं पाणी तिच्यावर थांबतं आणि त्या थरावरूनच कडा घसरतो. म्हणून चर कड्याच्या टोकापासून मागे घे, तळाला चिकणमाती ठोकून बसव किंवा काँक्रीट कर, आणि उतार कुठेही सपाट ठेवू नकोस. लेव्हल घेऊन दर दहा मीटरला तळ तपास. पाणी कुठे थांबलंच नाही तर मुरेलही कमी.