घाबरल्यावर श्वास घ्यायचा की सोडायचा? तुमचे अनुभव सांगा

धागा काढायचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी फास्ट लोकलमध्ये, घाटकोपर सोडल्यावर एकदम धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आता आपण संपलो हे नक्की. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "जोरजोरात श्वास घे गं." घेतला. अजून घेतला. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या! ईसीजी नॉर्मल आला. मग डॉक्टरांनी समजावलं, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि चक्कर त्यानेच येतात. म्हणजे मला हवा कमी पडत नव्हती, जास्त झाली होती. हल्ली ४ आकडे मोजत नाकाने घेते, ६ मोजत सोडते. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. भीती ठाण्याआधी उतरतेच असं नाही, पण मुंग्या परत आलेल्या नाहीत.

तुमचं सांगा. जमलं नसेल तर तेही लिहा.

नाशिककर: इगतपुरीला १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय. सुरुवातीचे ३ दिवस नुसतं आनापान, नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं. माझं सगळं लक्ष संध्याकाळी खायला काय मिळणार इकडे. दुसऱ्या दिवशी बॅग भरलीसुद्धा होती. तिथे आकडे नाहीत हं, श्वास आहे तसा बघायचा. आता साहेबांचा फोन वाजला की उचलण्याआधी वरच्या ओठावर ३ श्वास जाणवू देतो. साहेब तेच आहेत.

सांगलीचे आजोबा: माझी मुंज आठव्या वर्षी झाली. संध्येतला प्राणायाम म्हणजे नाक चिमटीत धरायचं आणि मंत्र उरकायचा. पूरक, कुंभक, रेचक (श्वास घेणं, रोखणं, सोडणं) तोंडपाठ, श्वासाचा पत्ता नाही. बायपासच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागेना. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, ओठांचा चंबू करा आणि हळूहळू फुंकर घाला." आई चुलीपुढे बसून फुंकणीने निखारे फुलवायची, अगदी तशी. फार जोर केला तर राख डोळ्यांत जाते, म्हणून ती बेताने फुंकायची. रेचक मला साठ वर्षांनी कळला, तोही हॉस्पिटलच्या खाटेवर.

पुण्याहून: माझं उलटं आहे. दमा आहे, त्यामुळे श्वासाकडे लक्ष गेलं की तो अडकतोय असंच वाटतं. समुपदेशक म्हणाल्या, मग नका करू. मी तळवे फरशीवर टेकवते आणि खोलीतल्या निळ्या वस्तू मोजते. तेव्हा "श्वास सगळ्यांना चालतो" असं कृपया कोणी लिहू नका.

धागाकर्ती: बरं झालं लिहिलंत, ताई. आणि आजोबा, फुंकणी आवडली! एक राहिलं: छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी डॉक्टर, आकडे नंतर. वारंवार होत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

दहावीची आई: गणिताच्या पेपराला लेकीचे हात गार पडले होते. केंद्राबाहेर म्हटलं, भ्रामरी कर, श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुण. "आई, सगळे बघतायत!" म्हणून गेली निघून. मग मीच स्कूटीवर बसून केली, हेल्मेट घालून. आत फार छान घुमते.