पिजिनला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, हेलन एपेगा म्हणून एक नायजेरियन-ब्रिटिश गायिका आणि संगीतकार आहे, द व्हीनस बुशफायर्स या नावाने गाते, तिने 'साँग क्वीन' हा अख्खा ऑपेरा नायजेरियन पिजिनमधे, म्हणजे इंग्रजी आणि तिथल्या भाषांच्या मिसळीतून झालेल्या बोलीत केलाय. तिच्यावर चार ओळी लिहायला बसले आणि पिजिनपाशीच गाडी अडली. धेडगुजरी म्हणू? की मोडकं इंग्रजी?

— धेडगुजरी नकोच, त्यातला 'धेड' जातीवाचक आहे, शिवीसारखाच वापरला गेलाय. आणि मोडकं कुठे आहे ते? 'आय डे चॉप' म्हणजे मी जेवतोय, 'आय डोन चॉप' म्हणजे जेवलो, 'आय गो चॉप' म्हणजे जेवणार. क्रियापद जागचं हलत नाही, काळ सगळा त्या मधल्या शब्दावर, चांगलं शिस्तीचं व्याकरण आहे की.

— +१. शिवाय सगळं इंग्रजी नाहीचे. 'साबी' म्हणजे माहीत असणे आणि 'पिकिन' म्हणजे लहान मूल, हे दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले, म्हणजे आपल्या पगार, पाव, चावीचे लांबचे भाऊबंदच. 'उना' म्हणजे तुम्ही, हा तिथल्याच इग्बो भाषेतला. मी 'बाजारबोली' सुचवेन, कारण पिजिन हा शब्दच चिनी बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बिझनेसचं जे झालं त्यातून आला असं मानतात.

— बाजारबोली ऐकायला गोड आहे पण आता ते बाजारापुरतं राहिलंय कुठे. नायजेरियातल्या वारी, सापेले या शहरांच्या भागात पोरं घरातच हे शिकतात, कित्येकांची तीच पहिली भाषा, म्हणजे भाषाशास्त्राच्या हिशोबाने क्रिओलच (मिसळीतून झालेली बोली पुढे लोकांची मातृभाषा झाली की तिला म्हणतात ते) म्हणायला हवं, नाव तेवढं पिजिन राहिलंय. बीबीसी 2017 पासून त्यात बातम्या देतेय. देशात पाचशेच्या आसपास भाषा, योरुबात गायलं तर हौसावाल्याला कळणार नाही, म्हणून तर तिथला गाजलेला गायक फेला कुटी पिजिनमधे गायचा. ऑपेरा म्हणजे इटालियन नाहीतर जर्मन आणि समोर सुटाबुटातले लोक, असं डोक्यात बसलेलं असताना ही बाई बस स्टँडवरची भाषा तिथे घेऊन गेली, याचं मला जास्त कौतुक. पिजिन तसंच ठेवा, आपण ऑपेरा नाही का तसाच ठेवला!

— ऑपेराला संगीतिका आहे की.

— हो पण संगीतिका म्हटलं की लोकांना शाळेच्या गॅदरिंगमधली आठवते 😄

— बरं, मग पिजिन आणि ऑपेरा दोन्ही तसेच ठेवते. 'साबी' मात्र लेखात घुसवणारच.