भाजी नसेल तर मोड आणा
२५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याला देश बंद झाला आणि ‘भाजीच मिळत नाही, रोज करायचं काय?’ हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. माझं उत्तर कडधान्यं. मूग-मटकी रात्री भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उकाड्यात मोड लवकर येतात. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढतं, पण शिजवताना बरंचसं जातं. म्हणून मूग नुसते वाफवून, वरून लिंबू पिळून खावेत. वाल असतील तर बिरडं कराच! सोलायला वेळ लागतो, म्हणून मुलांनाही सोलायला बसवा. कडधान्य शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, लसणाची फोडणी आणि आमसूल घालून त्याचं फार सुरेख कढण होतं.