पश्चिम जर्मनीच्या ‘चमत्कारा’चं श्रेय कोणाला?

मृद्गंध

मी पुण्यात जर्मन शिकवते. ‘विर्टशाफ्ट्सवुंडर’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा पश्चिम जर्मनीचा आर्थिक चमत्कार, हा शब्द आला की दर बॅचला कोणीतरी म्हणतंच, “सरकारने बाजारातून हात काढला आणि राखेतून देश उभा राहिला.” हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

गोष्ट सुरू होते २० जून १९४८ ला. रविवार होता. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या भागांत नवा मार्क आला. माणशी ४० मार्क हातात, पुढे आणखी २०. सोमवारी दुकानं उघडली तर काचेमागे भांडी, बूट, कापड, सगळं हजर. माल गोदामात दडवलेला होता, खऱ्या पैशाची वाट बघत. त्याच सुमाराला तिथल्या आर्थिक कारभाराचे प्रमुख लुडविग एरहार्ड यांनी बऱ्याच वस्तूंवरचं भावनियंत्रण उठवलं. इथपर्यंत सगळे सांगतात.

पुढचं कोणी सांगत नाही. बँकेत १०० जुने मार्क ठेवले असतील तर त्याचे शेवटी साडेसहा झाले. कारखाना, जमीन, शेअर असलेल्यांची मालमत्ता मात्र जागच्या जागी राहिली. भाव असे चढले की १२ नोव्हेंबर १९४८ ला ९० लाखांहून जास्त कामगारांनी एक दिवसाचा संप केला. १९५० च्या सुरुवातीला २० लाख लोक बेकार होते. याला चमत्कार म्हणायचं?

देश सावरला तो नंतरच्या निर्णयांनी. १९५२ मध्ये ‘लास्टेनआउसग्लाइश’ नावाचा कायदा झाला, म्हणजे ओझ्याची समान वाटणी. युद्धात ज्यांची मालमत्ता वाचली त्यांनी तिच्या निम्म्या किमतीइतका कर ३० वर्षांच्या हप्त्यांनी भरायचा आणि तो पैसा ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडे वळवायचा. १९५३ मध्ये लंडनच्या कराराने परदेशी कर्ज जवळपास निम्मं माफ झालं. १९५७ मध्ये पेन्शन पगारवाढीशी जोडली गेली. हे सगळं कायद्यांनी झालं, बाजाराने नाही.

आकडेमोड

ताई, पूर्ण असहमत.

मार्शल योजनेतून, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीतून, पश्चिम जर्मनीला साधारण १४० कोटी डॉलर मिळाले, ब्रिटनला त्याच्या दुपटीहून जास्त. ब्रिटन युद्ध जिंकलेला. तरी तिथे मांसावरचं रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं आणि हरलेल्या जर्मनीत रेशनकार्डं १९५० मध्येच गेली. हा फरक कुठून आला? दुसरी तुलना याहून बोलकी आहे. एल्ब नदीच्या पलीकडे, कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतही जर्मनच राहत होते. तीच भाषा, तीच कारागिरी, तेच पडलेले कारखाने. १९४९ ते १९६१ मध्ये तिथून सुमारे २७ लाख लोक पश्चिमेकडे निघून आले.

तुम्ही सांगता ते कायदे १९५२, ५३, ५७ चे. गाडी त्याआधीच चालू लागली होती. वाटायला काहीतरी पिकलं होतं म्हणून वाटता आलं. आणि ३० वर्षांचे हप्ते म्हणजे मालमत्तेतून काही काढून घेतलं नाही, वाढत्या कमाईतून भरलं गेलं. कमाई वाढलीच नसती तर तो कायदा कागदावर राहिला असता.

तीनचाकी

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. वडिलांनी नगर-पुणे रस्त्यावर टेंपो चालवला, त्यावर आमची शिक्षणं झाली.

‘टेंपो’ आपल्याला मराठीच वाटतो, पण ते हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाडीचं नाव. तिची ‘हान्सेआट’ नावाची तीनचाकी युद्धानंतर जर्मनीत भाजीवाले, पाववाले, छोटे दुकानदार वापरायचे. चार चाकं परवडत नव्हती म्हणून तीन. लोकांच्या हातात पैसा आला तशी तिथली मागणी आटली, आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यात ती तिथे बंद झाली. इकडे १९५८ मध्ये फिरोदियांनी त्याच कंपनीशी करार करून गोरेगावला ती बनवायला घेतली. त्यांच्या गरिबीतली गाडी आमच्या भरभराटीची गाडी झाली.

म्हणून मला आकडेमोड यांचं पटतं. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वाहन घेतलं त्याला तो चमत्कारच वाटतो. ५ ऑगस्ट १९५५ ला वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची दहा लाखावी बीटल गाडी बाहेर पडली. तो आनंद खोटा होता असं म्हणू नका.

सांजवारा

काका, आनंद खोटा नव्हता. पण तोच वोल्फ्सबुर्गचा कारखाना युद्धात वेठीला धरून आणलेल्या परदेशी मजुरांवर आणि छळछावणीतल्या कैद्यांवर चालला होता. दहा लाखाव्या गाडीच्या सोहळ्यात ते कुठे होते?

माझा आक्षेप दोन्ही बाजूंना आहे. तुम्ही सगळे पैशावर भांडताय. त्या दशकात लोक कशाबद्दल बोलत नव्हते, तेही बघा. १९५१ च्या कायद्याने नाझी काळातले बहुतेक सरकारी नोकर पुन्हा सेवेत येऊ शकले. हान्स ग्लोब्के यांनी ज्यूंविरुद्धच्या न्यूरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिलं होतं. ते १९५३ ते १९६३ चॅन्सेलर आडेनावर यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. फ्रँकफुर्टला आउशविट्झचा खटला उभा राहिला तो थेट डिसेंबर १९६३ मध्ये, तोही फ्रिट्झ बाउअर या सरकारी वकिलाने जिद्द धरली म्हणून.

आणि बायका. पुरुष मेलेले किंवा रशियात कैदेत असताना पडझड उपसून घरं चालवली ती त्यांनी. १९४९ च्या राज्यघटनेत समान हक्क आले तेही एलिझाबेथ झेलबर्ट यांनी रेटा लावल्यामुळे. तरी १९५८ पर्यंत नवरा बायकोची नोकरी परस्पर सोडवू शकत होता. त्यानंतरही १९७७ पर्यंत घरची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच नोकरी, असं कायद्यात लिहिलेलं होतं. नव्या फ्रिजच्या जाहिरातीतली हसरी गृहिणी मला बघवत नाही.

आकडेमोड

सांजवारा, ग्लोब्केंचा बचाव मी करणार नाही. पण ‘कोणीच बोलत नव्हतं’ हेही खरं नाही. १९५२ मध्ये इस्रायलला ३०० कोटी मार्कांचा माल आणि सेवा देण्याचा करार झाला. सत्ताधारी पक्षातल्या बऱ्याच जणांनी साथ दिली नाही, विरोधी समाजवाद्यांच्या मतांवर तो संसदेत पार झाला. घरं अजून बांधायची होती त्या वेळची ही गोष्ट आहे.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून लिहितोय. मी इथे आलो तेव्हा पहिली पाच वर्षं ज्या आजींच्या घरात भाड्याने राहिलो त्या सायलेशियाच्या, म्हणजे युद्धानंतर पोलंडकडे गेलेल्या भागातल्या. १९४६ मध्ये आईबरोबर मालगाडीच्या डब्यातून आलेल्या. अशा हाकलून दिलेल्या लोकांची संख्या १९५० मध्ये पश्चिम जर्मनीत ८० लाखांच्या आसपास होती, म्हणजे सहा माणसांत एक. इथल्या गावकऱ्यांनी काही ओवाळून स्वागत केलं नाही. एकाच घरात दोन कुटुंबं, एक चूल आणि रोजची धुसफूस. कमी पगारावर मिळेल ते काम याच लोकांनी केलं. आकडेमोड, ‘मोकळा बाजार’ म्हणता त्यात ही माणसं धरता ना?

आजींकडे एक फाइल होती. त्या ओझ्याच्या वाटणीच्या कायद्याखालच्या भरपाईच्या अर्जाची. मागे राहिलेल्या घरातलं सामान आठवून लिहायचं होतं: खाटा, शिवणयंत्र, दोन गाई, सफरचंदाची झाडं. आईला झाडांची संख्या आठवेना म्हणून ती रात्रभर रडली, असं त्या सांगायच्या. घरसामानाचे पैसे आले ते थोडेच होते. त्यातून गाद्या आणि एक शेगडी आली. शेताची भरपाई कितीतरी वर्षांनी, तीही खऱ्या किमतीच्या जवळपास नाही. तरी ती फाइल त्यांनी शेवटपर्यंत कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवली होती.

मृद्गंध

नेकारकाठ, आता पुढच्या वर्षी हा शब्द शिकवताना त्या सफरचंदाच्या झाडांशिवाय शिकवता येणार नाही.

आकडेमोड, ब्रिटनचा मुद्दा मान्य. ‘याला चमत्कार म्हणायचं?’ हे मी घाईत लिहिलं. भावनियंत्रण उठलं नसतं तर दडवलेला माल दुकानात आला नसता. पण शंभराचे साडेसहा झालेल्यांचं काय? शाळामास्तर, विधवा, पेन्शनवाले. यांच्याकडे गोदाम नव्हतं, पासबुक होतं. त्यांच्यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाही.

आकडेमोड

बरोबर आहे, लिहिली नाही. त्यांच्यावर अन्याय झालाच. जुन्या बचतदारांसाठी १९५३ मध्ये वेगळा कायदा झाला. १९४० च्या आधीपासूनच्या ठेवी त्याने २० टक्क्यांपर्यंत भरून दिल्या.

मृद्गंध

म्हणजे उरलेले ८० गेले ते गेलेच. आणि साडेसहाचे वीस झाले तेही पुन्हा कायद्यानेच ना, आकडेमोड?