निर्दोष सुटलो तरी कुलूप तोडल्याचं काय?

खोट्या आरोपात अडकलेला माणूस कोठडीतून पळतो, कुलूप तोडून पुरावा मिळवतो आणि सुटतो. "शेवटी निर्दोष ठरला, मग पळून जाण्याची शिक्षा कशी?" या शंकेबद्दल.

भारतीय न्याय संहितेचं कलम २६२ (जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम २२४) कोठडी कायदेशीर होती का एवढंच बघतं. आरोप पुढे खोटा ठरला तरी पलायनाचा गुन्हा उरतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. अटकच बेकायदा असेल, तर मात्र हे कलम लागत नाही.

पुराव्यासाठी कुणाच्या ऑफिसात घुसून हार्ड डिस्क उचलली, तर गृहअतिक्रमण (दुसऱ्याच्या इमारतीत बेकायदा घुसणं) आणि चोरी असे दोन्ही गुन्हे लागू शकतात. "परत देणार होतो" हा बचाव तोकडा आहे. तात्पुरतं नेणंही चोरी ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या के. एन. मेहरा निकालापासून ठरलेलं आहे. न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये 'मोठी हानी टाळण्या'साठी केलेल्या कृतीला अपवाद आहे, पण स्वतःवरचा खटला ही अशी हानी आहे हे पटवणं फार कठीण.

गंमत म्हणजे असा पुरावा केवळ बेकायदा मिळवला म्हणून बाद होत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा मलकानी वि. महाराष्ट्र निकाल, १९७३). म्हणजे त्याच डिस्कवर तुम्ही एका खटल्यात सुटाल आणि दुसऱ्यात अडकाल! शिवाय डिस्क तुमच्या हाताखालून गेली की तिच्यात फेरफार केल्याचा आरोप आलाच.

सरळ मार्ग: सीसीटीव्हीवर जुनं चित्रण पुसून नवं चढतं, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी नोटीस वकिलामार्फत लगेच पाठवा. मग बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ९४ खाली न्यायालयाकडून ते मागवा. आरोपीला हा हक्क साधारणपणे बचावाच्या टप्प्यावरच मिळतो (सर्वोच्च न्यायालयाचा देवेंद्रनाथ पाढी निकाल), तोवर नोटिशीची पोच जपा.