चित्रकाराची जागा सूक्ष्मदर्शकाशेजारी
कलाकारांना विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान विभागात आणून विज्ञानाच्या पदरात काय पडणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या रेखाटनांत दिसते. लहानपणी चित्रकार व्हायची ओढ असलेल्या, पण वडिलांच्या आग्रहामुळे वैद्यकाकडे वळलेल्या या शास्त्रज्ञाने इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी यांच्या पेशी रंगवण्याच्या पद्धतीने काळ्या झालेल्या मोजक्या चेतापेशी (मेंदूतील संदेशवाहक पेशी) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि मेंदूच्या अनेक पातळ कापांत विखुरलेले तपशील एकाच चित्रात आणले. संदेश कोणत्या दिशेने वाहतो हे दाखवणारे लहानसे बाण त्यांत आहेत, आणि माझ्या मते चेतापेशींत संदेश ठरावीक दिशेने वाहतो हा त्यांचा सिद्धान्त त्या बाणांतच आहे. (१९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, तरी चेतापेशी स्वतंत्र असतात हे काहाल यांचे म्हणणे गोल्जी यांनी नोबेल भाषणातही मान्य केले नाही.) अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या वाइझमन कलासंग्रहालयाने २०१७ साली तिथल्याच मेंदूशास्त्रज्ञांना सोबत घेऊन यांपैकी सुमारे ८० चित्रे मांडली, हे फार चांगले झाले. मात्र प्रदर्शनावर थांबू नये, असे मला मनापासून वाटते. चित्रकाराला केवळ उद्घाटनाला न बोलावता सूक्ष्मदर्शकाशेजारी बसवावे, आणि काय रेखाटायचे व काय गाळायचे यावर संशोधक विद्यार्थ्यांशी त्याचा वाद होऊ द्यावा.